भूगर्भातील दिवा

आपल्या घरात दिवा लावणे ही इतकी साधी क्रिया झाली आहे की, तिच्यासंबंधी विचार करावा असे कोणास सहसा वाटत नाही. भिंतीवरील कळ दाबली की उजेड पडतो. परंतु या उजेडाला जे इंधन लागते ते जेथून निघते, त्या जमिनीखालच्या काळोखात माणसाने दिवा कसा नेला, तो हातात धरला की डोक्यावर बांधला, छताला कोठे बसविला आणि कोठे बसविण्याचे टाळले, हा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. आज तो थोडक्यात सांगण्याचा विचार आहे. तो सांगताना मी मुख्यतः चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनप्रधान जिल्ह्यांचा आधार घेणार आहे. कारण महाराष्ट्रातील कोळशाचा मोठा भाग या परिसरात आहे, आणि काळोख व उजेड यांचे नाते जितके येथे स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

प्रथम या भूमीची ओळख करून घेऊ. वर्धा, वैनगंगा आणि प्राणहिता या नद्यांच्या मधला हा प्रदेश गोंड राजांच्या काळी चांदा म्हणून प्रसिद्ध होता. 1854 साली नागपूरच्या राज्याबरोबर तो इंग्रजी अमलाखाली गेला. 1964 साली चांद्याचे नाव चंद्रपूर झाले, आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी त्याचा पूर्वेकडील भाग वेगळा होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. पश्चिमेला वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा आणि पूर्वेला सागवानाचे, मोहाचे व बांबूचे अरण्य, अशी या भूमीची सर्वसाधारण वाटणी आहे.

या अरण्यात रॉकेल येण्यापूर्वी दिवा कशावर जळत असे? मोहाच्या फळातील बी, जिला या भागात टोळी म्हणतात, ती गाळून काढलेले तेल खाण्यात येई, अंगाला लावण्यात येई आणि दिव्यातही जळे. करंजाच्या बियांचे कडवट तेल तर मुख्यतः दिव्यासाठीच वापरले जाई. मातीची पणती, कापसाची वात आणि हे रानातले तेल एवढ्यावर शेकडो वर्षे येथील रात्र निभावली. या दिव्याचा प्रकाश फार थोडा. परंतु ज्या घरात माणसे सूर्यास्तानंतर लवकर निजतात त्या घराला तेवढा पुरे होत असे.

परंतु काळोखाचा प्रश्न केवळ रात्रीचा नसतो. भद्रावती, म्हणजे जुने भांदक, येथील विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. त्यांपैकी मुख्य लेण्याची रचना पाहण्यासारखी आहे. दारातून एक लांबच लांब अरुंद मार्ग सरळ खडकात शिरतो आणि त्याच्या टोकाला बुद्धाची भव्य बैठी मूर्ती आहे. उजव्या-डाव्या बाजूंना आणखी मार्ग काटकोनात फुटतात. ज्यांनी हे लेणे कोरले त्यांना दिव्याच्या तेलाची किंमत आणि धुराचा त्रास दोन्ही माहीत असले पाहिजेत. मार्ग सरळ ठेवला म्हणजे दारातून आलेला दिवसाचा उजेड शेवटच्या मूर्तीपर्यंत काही प्रमाणात तरी पोहोचतो. वळलेल्या मार्गात मात्र पणतीवाचून गत्यंतर नाही. जमिनीच्या किंवा खडकाच्या पोटात प्रकाश आणावयाचा झाल्यास त्याची व्यवस्था खोदताना करावी लागते, मागाहून ती जमत नाही, हा धडा या प्रदेशातील दगडांवर कोळशाच्या खाणींच्या कित्येक शतके आधी कोरला गेला आहे.

आता खाणींकडे वळू. हिंदुस्थानात कोळशाचे पहिले खोदकाम 1774 साली राणीगंजच्या परिसरात झाले. वर्धेच्या खोऱ्यातील कोळशाकडे सरकारचे लक्ष गेले ते त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. आगगाड्या सुरू झाल्या, इंजिनांना इंधन हवे झाले, आणि बंगालमधून कोळसा आणणे महाग पडू लागले. तेव्हा 1871 साली चांदा जिल्ह्यातील वरोरा येथे सरकारने स्वतः खाण सुरू केली. तिच्यासाठी वर्ध्यापासून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग घालण्यात आला. 1906 पर्यंत ही खाण चालली. ती बंद होण्याच्या सुमारास बल्लारपूर येथे नव्या खाणीचे काम हाती घेण्यात आले होते. पुढे चांदा शहराच्या अगदी लगत महाकाली, लालपेठ, रयतवारी इत्यादी खाणी निघाल्या. 1929 साली बल्लारशाह ते काझीपेठ हा लोहमार्ग पुरा होऊन दिल्ली आणि मद्रास थेट जोडली गेली, तेव्हा या कोळशाला उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही दिशांची बाजारपेठ खुली झाली.

या खाणींत काम कसे चालते हे समजल्याशिवाय दिव्याचा प्रश्न समजणार नाही. येथील कोळशाचा थर जाड असतो. त्यात एकमेकांना छेदणारे बोगदे, खाणीच्या भाषेत गॅलऱ्या, खणीत जातात, आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब ठेवतात. वरच्या जमिनीचा सारा भार या खांबांवर तोललेला असतो. शेवटी शेवटी हे खांबही कापून काढतात आणि मागे राहिलेले छत कोसळू देतात. म्हणजे खाणकामगार ज्या छताखाली उभा असतो ते छत घराच्या छतासारखे स्थिर नसते. ते खचते, तडकते, पापुद्र्यासारखे सुटते. त्याला आधार म्हणून लाकडी टेकू लावीत, आणि ही लाकडे रानांतूनच येत. अनुभवी कामगार सांगतात की, लाकडाचा टेकू मोडण्यापूर्वी कुरकुरतो, आणि तो आवाज ऐकून कित्येकांचे प्राण वाचले आहेत.

अशा जागी दिवा दोन कामांसाठी हवा. एक, कोळसा दिसावा म्हणून. आणि दुसरे, छत दिसावे म्हणून. हिंदुस्थानातील बहुतेक खाणींत आरंभीच्या काळात हे काम उघड्या ज्योतीवर चाले. पत्र्याची चिमणी किंवा ढिबरी, तीत रॉकेल, वर धूर ओकणारी वात. ती खडकाच्या कपारीत ठेवावयाची किंवा टेकूला टांगावयाची. विसाव्या शतकाच्या आरंभी कार्बाइडचे दिवे आले. कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडले की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो पांढऱ्या झगझगीत ज्योतीने जळतो. चिमणीच्या मानाने हा उजेड कितीतरी अधिक. परंतु दोहोंतही उघडी ज्योत होतीच, आणि कोळशाच्या खाणीत उघडी ज्योत म्हणजे काय, हे युरोपने त्यापूर्वीच फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले होते.

कोळशाच्या थरात मिथेन नावाचा वायू कोंडलेला असतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचे प्रमाण शेकडा 5 ते 15 च्या दरम्यान असले आणि त्यास ज्योत लागली की स्फोट होतो. मग तळाची कोळशाची पूड उडून तीही पेट घेते आणि आगीचा लोळ साऱ्या बोगद्यांतून धावत सुटतो. 25 मे 1812 रोजी इंग्लंडच्या उत्तर भागात फेलिंग या खाणीत असा स्फोट होऊन 92 माणसे व मुले दगावली. मुले असे मुद्दाम म्हटले, कारण हवेसाठी असलेली दारे उघडण्या-मिटण्याच्या कामावर तेव्हा लहान मुले बसवीत आणि ती मुले बहुधा अंधारातच बसत.

या घटनेने इंग्लंडातील विचारी लोक हादरले. डॉ. क्लॅनी, खाणीत इंजिनांची देखभाल करणारा जॉर्ज स्टीफन्सन आणि सुप्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ सर हंफ्री डेव्ही अशा तिघांनी सुरक्षित दिव्याच्या शोधासाठी स्वतंत्रपणे प्रयत्न केले. 1815 च्या अखेरीस डेव्हीने जी युक्ती काढली ती तिच्या साधेपणामुळे आजही थक्क करते. त्याने ज्योतीभोवती तारेच्या बारीक जाळीचे नळकांडे बसविले. एका चौरस इंचात सातशेहून अधिक छिद्रे. जाळीतून हवा आत जाते, उजेड बाहेर येतो, परंतु ज्योत बाहेर येऊ शकत नाही. कारण जाळीच्या तारा ज्योतीतील उष्णता शोषून ती पसरवितात आणि पलीकडचा वायू पेटण्याइतका तापतच नाही. ज्योतीला कोंडण्यासाठी भिंत लागत नाही, तिची उष्णता काढून घेतली म्हणजे पुरे, हे तत्त्व त्याने सिद्ध केले. या शोधाचे पेटंट त्याने घेतले नाही, हेही त्याच्या नावावर जमा केले पाहिजे.

येथवरची हकिकत शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून पुष्कळांनी वाचलेली असेल. पुढची हकिकत मात्र पुस्तकांत सहसा येत नाही. डेव्हीचा दिवा आला आणि स्फोट थांबले, असे झाले नाही. ज्या थरांत वायू अधिक म्हणून पूर्वी कोणी उतरत नसे, ते थर आता दिवा सुरक्षित आहे या भरवशावर खणले जाऊ लागले. जोराच्या वाऱ्यात ज्योत जाळीवर आदळून ती लाल होई, आणि मग जाळीचे संरक्षण संपे. साधनाने जे अभय दिले ते लोभाने खर्च करून टाकले, असा हा प्रकार आहे. विज्ञानाच्या इतिहासात याची उदाहरणे इतरत्रही सापडतील.

दुसरा दोष त्याहून सूक्ष्म होता. जाळीमुळे उजेड फार मंद झाला. साध्या मेणबत्तीच्या मानानेही तो कमी पडे. वर्षानुवर्षे अशा अंधुक प्रकाशात, काळ्या कोळशाकडे टक लावून काम करणाऱ्यांची बुबुळे थरथरू लागत. समोरचा दिवा नाचतो आहे असे त्यांना दिसे, चक्कर येई, आणि काहींना तर खाणीबाहेरचे कामही अशक्य होई. पुढे ब्रिटनमध्ये या रोगाची गणना नुकसानभरपाईस पात्र अशा धंद्यातील रोगांत झाली, आणि त्याचे मुख्य कारण अपुरा प्रकाश हेच ठरले. स्फोटापासून वाचविणारा दिवा डोळे घेत होता.

आता पुन्हा चांद्याकडे येऊ. आपल्याकडील कायद्याने कोळशाच्या थरांचे वायूच्या प्रमाणावरून तीन वर्ग पाडले आहेत. एक टन कोळशामागे एक घनमीटरपर्यंत वायू निघत असेल तर पहिला वर्ग, एक ते दहापर्यंत दुसरा, आणि त्याहून अधिक असेल तर तिसरा. वर्धा खोऱ्यातील खाणी बहुतांशी पहिल्या वर्गातल्या. राणीगंज व झरियाकडील काही खाणींत वायूचे जे भय असते ते येथे त्या मानाने कमी. येथील कोळशाचा स्वभाव निराळा. तो हवेत उघडा पडून राहिला की आपोआप तापतो आणि धुमसू लागतो. आणि सर्वांत मोठे भय छताचे. हिंदुस्थानातील भूमिगत खाणींच्या अपघातांचा हिशेब पाहिला तर, स्फोटाने एका वेळी अनेक माणसे जातात म्हणून त्याचा बोभाटा होतो, परंतु एक-एक दोन-दोन करून छताखाली व कडांखाली सापडून मेलेल्यांची संख्या दीर्घकाळपर्यंत सर्व कारणांत मोठी राहिली आहे. छताला पडलेली बारीक भेग वेळीच दिसली तर माणूस बाजूला होतो. न दिसली तर होत नाही. म्हणून चांद्याच्या खाणीत उजेडाचा प्रश्न हा अगदी शब्दशः जीवनमरणाचा प्रश्न होता.

या उजेडाखाली कोण काम करीत होते, हेही विसरता येत नाही. कोळसा कापणे पुरुषांकडे आणि टोपल्यांतून वाहून तो डब्यात भरणे पुष्कळ अंशी स्त्रियांकडे, अशी हिंदुस्थानातील खाणींची जुनी रीत होती. 1929 साली स्त्रियांचे जमिनीखालील काम टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे नियम झाले आणि 1939 पर्यंत ते बंद झाले. परंतु महायुद्धात कोळशाची चणचण पडताच 1943 साली बंगाल-बिहारप्रमाणे मध्यप्रांतातही ही बंदी उठविण्यात आली, आणि 1946 मध्ये ती पुन्हा लागू झाली. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता. युद्धाची गरज पडली की नियम काळोखात कसे विरतात, याचे हे एक उदाहरण.

अशा स्थितीत छताची परीक्षा दिव्याइतकीच कानाने होत असे, आणि अजूनही होते. पाळीचा माइनिंग सरदार हातातील काठीने छत ठोकून पाहतो. आवाज खणखणीत आला तर खडक जोडलेला आहे. बद्द आवाज आला तर वर पोकळी आहे, पापुद्रा सुटला आहे. डोळ्यांना जे दिसत नाही ते कानांनी पाहण्याची ही विद्या पुस्तकाविना एकाकडून दुसऱ्याकडे गेली.

यानंतर विजेचा दिवा आला. पाश्चात्त्य देशांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हातात धरावयाचे विजेचे दिवे होऊ लागले होते, आणि 1915 च्या सुमारास अमेरिकेत एडिसनच्या कारखान्याने कमरेला बॅटरी व टोपीवर दिवा अशी रचना प्रचारात आणली. तिलाच आपण कॅप लॅम्प म्हणतो. या दिव्याने मोठी सोय झाली. दोन्ही हात मोकळे राहिले, आणि माणूस जिकडे मान वळवील तिकडे उजेड पडू लागला. छताकडे पाहण्यासाठी दिवा उचलण्याचे श्रम उरले नाहीत. कमरेला दोन किलोंहून जड बॅटरी बाळगावी लागे ही त्याची अडचण. अलीकडे हलक्या बॅटऱ्या व एलईडी दिवे आल्यामुळे तीही पुष्कळ कमी झाली आहे.

परंतु एक गुण विजेच्या दिव्यात नव्हता, आणि तो जुन्या ज्योतीत होता. ज्योत बोलत असे. हवेत मिथेन मिसळला की, बारीक केलेल्या ज्योतीभोवती फिकट निळी टोपी चढे, आणि तिच्या उंचीवरून जाणता मनुष्य वायूचे प्रमाण सांगे. हवेतील प्राणवायू कमी झाला की ज्योत मंदावे आणि शेवटी विझे. माणसाचा श्वास अडण्यापूर्वी दिव्याचा श्वास अडे. विजेचा दिवा हवा विषारी असो वा शुद्ध, सारखाच जळतो. त्यामुळे कामगारांच्या डोक्यावर विजेचे दिवे आल्यावरही, सरदार व ओव्हरमन यांच्या हाती डेव्हीच्या वंशातील ज्योतीचा दिवा कित्येक दशके राहिला. उजेडासाठी त्याची गरज उरली नव्हती. तो साक्षीदार म्हणून ठेवलेला होता. पुढे हे काम वायुमापक यंत्रांकडे गेले.

कॅप लॅम्पने आणखी एक व्यवस्था निर्माण केली. खाणीच्या तोंडाशी दिव्यांची खोली असते. तेथे प्रत्येकाचा दिवा त्याच्या क्रमांकाच्या जागी टांगलेला असतो. कामावर जाणारा आपले बिल्ले देऊन दिवा नेतो आणि परत येताना तो जागेवर ठेवतो. पाळी सुटल्यावर ज्या खुंटीवर दिवा नाही, तो माणूस अजून खालीच आहे. अपघाताच्या वेळी कोण अडकले याचा पहिला हिशेब या रिकाम्या खुंट्यांवरून लागतो.

आता कोणी विचारील की, घरात आपण छतात दिवे बसवितो तसे खाणीच्या छतात का बसवीत नाहीत? याचे उत्तर जागेवर अवलंबून आहे. जेथे कोळसा कापला जातो ते टोक रोज पुढे सरकते, तेथे सुरुंग उडतात आणि छत हलते. तेथे कायमचा दिवा टिकत नाही आणि टिकला तरी तो चुकीच्या जागी राहतो. तेथे माणसाबरोबर फिरणारा दिवाच हवा. परंतु खाणीच्या ज्या जागा स्थिर असतात, म्हणजे पाळण्याचा तळ, डबे जोडण्याची ठिकाणे, येण्याजाण्याचे मुख्य मार्ग, यंत्रांची व प्रथमोपचाराची खोली, तेथे छताचे किंवा बाजूचे स्थिर दिवे लावण्याची व्यवस्था नियमांनीच सांगितलेली आहे. त्याबरोबर अशा कित्येक जागी छत व भिंती चुन्याने पांढऱ्या ठेवाव्यात असेही आहे. ही दुसरी सूचना फार शहाणपणाची आहे. कोळसा हा उजेड पिऊन टाकणारा पदार्थ. त्याच्या काळ्या भिंतीवर पडलेल्या प्रकाशाचा अगदी अल्प भाग परत येतो. तोच दिवा पांढऱ्या भिंतीच्या खोलीत लावला तर खोली भरून उजेड होतो. दिवे वाढविण्याहून चुना स्वस्त पडतो.

छत ठेंगणे असेल तर दिवा डोळ्यांच्या रेषेत येतो आणि दिपवितो. दिपलेला मनुष्य क्षणभर आंधळाच असतो. आणि शेजारून डब्यांची रांग जात असेल तर तो क्षण फार महाग पडतो. म्हणून दिवा आडोशास, तुळयांच्या मधल्या पोकळीत किंवा बाजूला बसवावा, त्याचा प्रकाश वाटेवर पडावा आणि डोळ्यांत पडू नये, ही दक्षता घ्यावी लागते. जेथे वायूचे भय आहे तेथे दिव्याचे घर जाड काचेचे व भक्कम लोखंडाचे असते. आत ठिणगी पडून स्फोट झालाच, तर तप्त वायू घराच्या झाकणाच्या अरुंद फटीतून बाहेर पडताना थंड होतो आणि बाहेरील हवा पेटत नाही. विचार केला तर हे डेव्हीच्या जाळीचेच तत्त्व आहे. दोनशे वर्षांत दिव्याचे रूप पार पालटले, परंतु उष्णतेला वाट द्यावी आणि वाटेतच तिचा जोर काढून घ्यावा, ही कल्पना कायम राहिली.

हे सारे नियम आपोआप आले नाहीत. हिंदुस्थानातील खाणींचा पहिला कायदा 1901 साली झाला, त्यानंतर 1923 चा, आणि स्वातंत्र्यानंतर 1952 चा. 1936 च्या डिसेंबरात बंगालमधील पोईदीह येथे झालेल्या स्फोटात दोनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. 1957 साली कोळसा खाणींसाठी विस्तृत नियमावली झाली, आणि अवघ्या काही महिन्यांनी, 19 फेब्रुवारी 1958 रोजी, चिनाकुडी येथील स्फोटात पावणेदोनशे लोक दगावले. 2017 साली या नियमावलीची जागा नव्या नियमावलीने घेतली. नियमांच्या पुस्तकातील पुष्कळ ओळींमागे अशी कोणती ना कोणती तारीख उभी असते. ती वाचणाऱ्याला दिसत नाही, एवढेच.

1973 साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि चांद्याच्या खाणी यथाकाल नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या वेकोलिकडे आल्या. त्यानंतरचा मोठा फरक असा की, जमिनीखाली उतरून कोळसा काढण्यापेक्षा वरची माती उचलून उघड्यावर तो काढण्याकडे कल वाढला. उघड्या खाणीत दिवसा दिव्याचा प्रश्नच उरत नाही, आणि रात्री उंच खांबांवरील दिव्यांनी सारा खड्डा उजळतो. भूगर्भातील दिवा हा विषय यामुळे संपत चालला आहे असे म्हणता येईल. परंतु त्याची किंमत वरच्या शेतांनी, नाल्यांनी आणि रानाने दिली आहे, ही दुसरी बाजू त्या हिशेबात धरावी लागते.

1980 च्या दशकात चंद्रपूरजवळ इरई धरणाच्या पाण्यावर व आसपासच्या कोळशावर महाऔष्णिक वीज केंद्र उभे राहिले. 2016 मधील विस्तारानंतर आणि जुने संच बंद झाल्यावर त्याची क्षमता 2920 मेगावॅट झाली. येथून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीची, पाच लाख व्होल्ट दाबाची वाहिनी गेली आहे. मुंबईकडील एखाद्या घरातील दिव्यात चांद्याच्या कोळशाचा अंश असतो तो या वाटेने. तीच वीज शेजारच्या गडचिरोलीत पोहोचण्यास मात्र अधिक काळ लागला. अरण्य दाट, वस्ती विरळ, पावसाळ्यात नद्या वाट अडविणाऱ्या. एकेका टोल्यावर मोजकी घरे. 28 एप्रिल 2018 रोजी देशातील प्रत्येक गावी वीज पोहोचल्याची घोषणा झाली. परंतु गावातील शेकडा 10 घरांना व सार्वजनिक जागांना वीज मिळाली की गाव विद्युतीकृत, अशी त्या घोषणेमागची व्याख्या होती. म्हणजे उरलेल्या नव्वद घरांच्या काळोखालाही त्या व्याख्येत जागा होती. एटापल्ली-भामरागडकडील आतल्या गावांत सौर दिव्यांनी जे काम केले त्याचे मोल या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

आता या इतिहासाचा शहरातील घराशी काय संबंध, असे कोणास वाटेल. संबंध अगदी जवळचा आहे. हल्ली जागेच्या टंचाईमुळे पुष्कळ इमारतींत तळघरे वापरात आली आहेत. तेथे वाचनाची खोली असते, कार्यालय असते, मुलांचा वर्ग असतो. छताखाली दुसरे खोटे छत टांगतात आणि त्याच्या पोटात दिवे बसवितात. हे करताना खाणीने जे शिकविले ते विसरून चालणार नाही. पहिली गोष्ट उष्णतेची. खोट्या छताच्या वरील पोकळीत दिवा सभोवार कापसासारख्या आवरणाने किंवा अडगळीने झाकला गेला, तर त्याची उष्णता कोंडते. दिवा लवकर निकामी होतो, आणि जुन्या तापणाऱ्या दिव्यांच्या बाबतीत तर आगीचे भय असते. आवरणात झाकता येईल असा मुद्दाम बनविलेला दिवा तरी घ्यावा, नाही तर त्याच्याभोवती जागा मोकळी सोडावी. दिव्याचा भार खोट्या छताच्या हलक्या फळीवर न टाकता वरच्या पक्क्या छतास तारेने टांगावा, आणि त्याची दुरुस्ती करण्यास हात पोहोचेल असे पाहावे. दुसरी गोष्ट दिपण्याची. तळघराचे छत ठेंगणे असते. म्हणून उघडा प्रखर दिवा डोळ्यांसमोर न येता खोलवर बसविलेला किंवा दुधी काचेचा असावा. थोड्या जागी फार प्रखर दिवे लावण्यापेक्षा मंद दिवे सारख्या अंतरावर लावावेत, म्हणजे मधे काळे पट्टे राहत नाहीत. तिसरी गोष्ट भिंतींची. त्या फिकट रंगाच्या असल्या तर निम्मे काम त्याच करतात. आणि चौथी, जी सर्वांत अधिक विसरली जाते: वीज गेली तर तळघरात भर दुपारीही मध्यरात्र असते. जिन्यापाशी बॅटरीवर आपोआप लागणारा एक दिवा असलाच पाहिजे. खाणीत उतरणारा मनुष्य परतीच्या वाटेचा उजेड आपल्या अंगावर घेऊन उतरतो, याचे कारण हेच.

श्रोतेहो, दिव्याच्या इतिहासात आपण बहुधा शोधकांची नावे लक्षात ठेवतो. डेव्ही, स्टीफन्सन, एडिसन यांचे ऋण खरेच मोठे आहे. परंतु वरोऱ्याच्या आणि बल्लारपूरच्या बोगद्यांत ज्यांनी धुरकट ज्योतीपुढे कोळसा कापला, ज्यांनी टोपल्या वाहिल्या, ज्यांनी काठीने छत ठोकून साथीदारांना मागे सारले, त्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. जगाला उजेड मिळावा म्हणून ज्यांनी इंधन काढले, त्यांच्या वाट्याला दीर्घकाळ सर्वांत मंद दिवा आला. तो दिवा अधिक प्रखर आणि अधिक सुरक्षित करण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्यांतील प्रत्येक सुधारणेआधी कोणाचा तरी डोळा किंवा प्राण गेला होता. भिंतीवरील कळ दाबताना एवढे स्मरण आपण ठेवले, तर त्या अज्ञात माणसांविषयीचे आपले कर्तव्य अंशतः तरी पार पडेल.